पलीकडच्या तारेचं प्लॅटिनम

आबा, मी तुमची धाकटी. आधीच सांगितलेलं बरं, कारण जिवंत होतात तेव्हाही मला थोरलीच्या नावाने हाक मारायचात आणि वर म्हणायचात, "तुम्ही दोघी एकसारख्या दिसता." ती उंच, गोरी, मी काळी, बुटकी. आता इतक्या वर्षांनी तुमच्या काय लक्षात असणार! मला लिहिता येत नाही, ते तरी आठवतंय का? शाळेत घालायचंही विसरलात. म्हणून हे सून लिहून घेतेय. मी बोलते, ती लिहिते, मध्येच उठून गॅस बारीक करते. परवा मी तिच्या पोरीचं, म्हणजे तुमच्या पणतीचं, दोन वर्षांचं काम मोडलं. ते कुणाला सांगावं तर तुम्हीच आठवलात.

तुमचं काम आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. सराफ बाजारातल्या सोनारांच्या दुकानातला केर, शेगडीतली राख, मोरीतला गाळ आपण घरी आणायचो आणि धुऊन त्यातलं सोनं काढायचो. दागिना घासला, उजळला, नुसता तेजाबात बुडवून काढला, तरी त्याचा अंश मागे राहतो, हे तुम्ही मला गाळ धुवायची पाटी हलवता हलवता शिकवलंत. "धातू एका जागी बसत नाही, पोरी. पाण्याबरोबर निघतो आणि जागा मिळेल तिथे चिकटतो." खाली उरलेल्या काळ्या रेतीत पारा घालायचा, त्याने सोनं गोळा केलं की तो गोळा शेगडीवर तापवायचा. पारा उडून जायचा, सोनं उरायचं. पारा उडून कुठे जायचा, ते तुमच्या हातांना विचारायला हवं होतं. चहा पिताना कपबशी वाजायला लागली तेव्हा आई म्हणाली, आता पुरे. मामाने मखमलाबादकडे फुलांच्या मळ्यावर बोलावलं होतं. तुम्ही जायला निघालाच होतात.

मी नऊ-दहा वर्षांची आहे. महिनाभर पाटीत काही लागलेलं नाही. तुम्ही ओट्यावर बसून असता, माझी थट्टा करत नाही, आणि मला त्याच्यापलीकडचं काही कळत नाही. मी माझ्या कानातल्या फुलाचा दांडा तुमच्याच कानशीने घासते आणि तो चिमूटभर कीस गाळात टाकते. तुम्ही पाटी फिरवता, थांबता, बोटाच्या टोकावर कण घेऊन उन्हात धरता. "बघ गं, हात अजून गेला नाही माझा!" त्या दिवशी तुम्ही मला माझ्या नावाने हाक मारलीत. दुसऱ्या दिवशी मामाला निरोप गेला, येत नाही म्हणून. त्याच मोरीचा गाळ तुम्ही अख्खा हिवाळा धुतलात, त्याच शेगडीवर वाकून बसलात. पुढच्या हिवाळ्यात पाटी होती, तुम्ही नव्हतात. गाळातलं सोनं झिजून गोल झालेलं असतं, कानशीचा कीस टोकदार. तुम्हाला दिसलं नसेल? की दिसलं आणि पोरीसाठी गप्प बसलात?

सुनेचं पेन थांबलंय. "आई, हे पण लिहू?" लिही बाई, त्याच्यासाठीच बसवलंय तुला.

आता पणतीचं ऐका. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. फ्युएल सेल नावाची पेटी असते. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा सोडली की वीज होते आणि मागे नुसतं पाणी उरतं. धूर नाही, राख नाही; तुम्ही उपाशी राहिला असतात. पण ते दोघे आपणहून जवळ येत नाहीत, मध्ये कुणीतरी लागतं. लग्न जुळवणाऱ्या काकूसारखं, दोघांची गाठ घालून देणारं आणि आपण जिथल्या तिथे राहणारं. ही काकू म्हणजे प्लॅटिनम, भारी महाग. पोरगी म्हणाली, हेच काम साधं लोखंड करेल. लोखंड, कोळसा आणि कसलंसं खत एकत्र भट्टीत भाजून तिने काळी पावडर केली, आणि ती पावडर जवळजवळ प्लॅटिनमसारखी चालली. इतकंच नाही, जितकी वापरावी तितकी ती सुधारत गेली. घरात पेढे आले. मला मात्र तिथेच खटकलं. वापरून सुधारणारी वस्तू मी या जगात पाहिलेली नाही, तुमच्या जावयासकट.

तिने मला रिक्षात घालून पंचवटीतून प्रयोगशाळेत नेलं. काचेच्या भांड्यात तेजाब, एका कांडीच्या टोकाला तिची पावडर, आणि पलीकडे एक पांढरी चकचकीत तार.

"ती तार कशाची गं?"

"प्लॅटिनमची. पण ती नुसती वीज पोचवायला, आजी. तिचा यात हात नाही."

"तेजाबात बुडलीये ना?"

"हो. का?"

परवा ती आपला निबंध छापायला धाडणार होती, तेव्हा मी बोलले. म्हटलं, ती तार काढ आणि पुन्हा बघ. आधी हसली. मग हसायची थांबली, कारण पोरगी हुशार आहे. तारेच्या जागी पेन्सिलीतल्या शिसासारखी कांडी लावून, नवी पावडर घेऊन, तिने पुन्हा सगळं केलं. काल पानावर बसली आणि म्हणाली, "सगळं तारेचं होतं, आजी. तारेतून सुटून माझ्या पावडरीवर येऊन बसत होतं. थोडं माझं आहे. अगदी थोडं." ताटातला भात तसाच राहिला. सरांना तिने स्वतःच सांगितलं. आज सकाळी न खाता पुन्हा भट्टीवर गेली. माझ्याशी बोलत नाही, एवढंच विचारते, गोळी घेतली का.

आबा, ती तार मी परवा पाहिली नाही. संक्रांतीला पाहिली, आणि आता श्रावण चालू आहे. तेव्हाच मला कळलं होतं. पण पोरगी गुणगुणत जिना चढायची, दारातूनच ओरडायची, "आजी, आज आणखी वाढलं!" रोज म्हणायचे, उद्या सांगू. तुमचं काय झालं ते माहीत असूनसुद्धा.

सून म्हणतेय, "आई, तेव्हाच बोलला असतात तर तिचे सात महिने वाचले असते." वाचले असते. हे पत्र कुठे धाडायचं नाही. तुम्हाला तरी कुठे वाचता येतं! संध्याकाळी ती आली की हे मी तिला तोंडाने सांगेन, वाचून दाखवायचं नाही.

आणि सूनबाई, उद्या तिचा डबा कॉलेजात पाठव. ज्वारीची भाकरी, गवारीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. शिरा करू नकोस. गोड पाहिलं की तिला वाटेल, आपण समजूत घालतोय.