कपाटाचा फोटो

प्रिय आई,

इथूनच पाया पडतो, कंबर सांभाळून. तुझे गुडघे काय म्हणतात?

मी मजेत आहे. आमच्या इमारतीतल्या हौशी मंडळींनी रोज एक फोटो काढायची टूम काढलीय. सकाळी ग्रुपवर विषय येतो, झोपायच्या आत फोटो टाकायचा. माझ्या फोटोंत आजवर माझा अंगठाच जास्त आलाय.

परवाचा विषय होता 'घर'. मी कपाट उघडलं आणि फोटो काढला. एका बाजूला माझे शर्ट कोंबलेले, दुसऱ्या बाजूला नुसते हँगर. चक्क पहिला नंबर! परीक्षक म्हणजे खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. म्हणाला, "वा! रिकाम्या जागेचा काय सुरेख वापर!" त्याला रिकाम्या जागेचं कौतुक असायचंच. मीही आभार मानले.

फोटो सोबत पाठवतोय. तू काही त्या डॉक्टरसारखी फसणार नाहीस, म्हणून लिहूनच टाकतो. तू फोनवर "सूनबाईला दे" म्हणालीस की मी "अंघोळीला गेलीय" म्हणायचो. एवढी अंघोळ तर माशालाही घडत नाही. ती गेली, आई. भांडून नाही, साड्यांच्या नीट घड्या घालून गेली. परत येणार नाही म्हणाली. तिला बोल लावू नकोस. मी शर्ट अजून माझ्याच बाजूला कोंबतो.

यापुढे फोनवर तिला बोलव म्हणू नकोस. मी जेवलो का, एवढंच विचार.

तुझा,
धाकटा