बाबांचे बासष्ट फोटो

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे. मीही बरी आहे, गुडघे सोडून. अडीच वर्षांत साधा फोन नाही आणि आज एकदम पत्र, म्हणजे निवृत्त झाल्यावर ताईचं डोकं फिरलं असं तुला वाटेल. वाटू दे. फोनवर बोलायला गेले असते तर नेहमीसारखं तुझं वाक्य मध्येच तोडून माझंच घोडं पुढे दामटलं असतं. कागदावर तुला हवं तेव्हा थांबता येईल, हवं तर उठून जाता येईल.

आधी बातमी. तुझी लेक शनिवारी दुपारी येऊन गेली. कॉलेजच्या फोटोग्राफी मंडळाची लेन्स तिच्या हातून जिन्यात पडली, हे तुला ठाऊक आहेच. लेन्सच्या तोंडाची कडी चेपली होती, फिल्टर बसत नव्हता. मी आतून लाकडाचा ठोकळा लावला आणि हलक्या हाताने ठोकत ठोकत कडी पुन्हा गोल केली. काच शाबूत निघाली. ती समोर बसून बघत होती. अगदी तुझ्यासारखी बसते, एक पाय खुर्चीवर दुमडून, आणि तुझ्यासारखाच उघडलेला खण कधी बंद करत नाही. तुझं-माझं बोलणं बंद झालं तरी तिचं माझ्याकडे येणं तू अडवलं नाहीस. याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही, ते आता म्हणते. जाता जाता ती एक गोष्ट बोलून गेली. पण ती सांगण्याआधी मला बरंच काही सांगावं लागणार आहे.

बाबांची ती जुनी पन्नास मिलिमीटरची लेन्स. सगळं हाताने फिरवायचं, आत मोटर नाही की काही नाही. आठवडाभर ऑफिसात नकाशे काढून दमलेले बाबा सुट्टीच्या दिवशी ती बाहेर काढायचे आणि आपल्या दोघांना खिडकीशी उभं करून कडी केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसायचे. तू वळवळ करायचास. मी पुतळ्यासारखी उभी राहायचे. लेन्स त्यांनी मला दिली ती त्यामुळेच, हे मी तुला किती वेळा ऐकवलं असेल! मग मी ती जोडकडी लावून डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली. जुन्या लेन्सचा फोकस नीट दिसावा म्हणून कॅमेऱ्याच्या आतली, डोळा लावून बघायच्या खिडकीखालची छोटी काचही बदलून घेतली. आणि मागच्या पडद्यावर चक्क काळी चिकटपट्टी लावली. फोटो काढला की लगेच मान खाली घालून पडदा बघणाऱ्यांची मी टिंगल करायचे. तीस वर्षं प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांचं रक्त तपासलेल्या बाईला पडद्याची गरज काय? माझा डोळा चुकत नाही, असं मी सगळ्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की माझाच त्यावर पक्का विश्वास बसला होता.

बाबांना दवाखान्यातून घरी आणलं ती दुपार तुला आठवते का, हे विचारण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी आपल्या दोघांना बाहेर बोलावून सांगितलं होतं. आईला माहीत नव्हतं, बाबांना बहुतेक असावं. गॅलरीत ऊन होतं. तू त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांची नखं कापत होतास आणि मी समोर उभी राहून फोटो काढत होते. चांगलेच निघायला हवे होते ते. पुन्हा संधी नव्हती. बाबा एकदा हात पुढे करून म्हणालेसुद्धा, “पुरे गं आता, ये, बस इथं जरा.” मी हा एक शेवटचा म्हणत आणखी वीस काढले. नवव्या दिवशी ते गेले. त्यांच्याजवळ बसायचं राहिलं ते राहिलंच.

फोटो मी ते गेल्यावर संगणकावर उघडले. बासष्टच्या बासष्ट तसेच. पुढच्या तिपाईवरचा औषधाचा पेला स्वच्छ, त्यावरचे आकडेही वाचता येतात, आणि मागे बाबांचा चेहरा वाफ धरलेल्या काचेआडून पाहावा तसा. डोळे कुठले आणि भुवया कुठल्या, कळत नाही. फक्त एका फोटोत त्यांचं काहीतरी स्पष्ट आलं आहे. तो पुढे केलेला तळहात.

मला कुणीतरी हवं होतं, धाकट्या. हे ओरडायला, कुणाच्या तरी अंगावर टाकायला. त्याच्या पंधरवडाभर आधी तू तो कॅमेरा तुझ्या कंपनीतल्या निरोपसमारंभासाठी नेला होतास. तुझे त्या दिवशीचे फोटो तर लख्ख होते, ते मी पाहिले होते. तरीही बोलले की परत आणताना पाडला असणार. घरात माणसं जमलेली. तू म्हणालास, “ताई, मी कॅमेरा पाडला नाही, बाबांची शपथ.” त्यावर मी म्हणाले, “गेलेल्या माणसाची शपथ घ्यायला काय जातंय? लहानपणी रेडिओ फोडून मांजरावर ढकललास, आता मांजरही नाही घरात.” त्या घरात त्या दिवशी दोघं-तिघं हसले. तू हसणाऱ्यांकडे पाहिलं नाहीस, आईकडे पाहिलंस. आईने मान खाली घातली. ज्याने दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये माणसं बिनघोर बारा मजले चढतात, त्याला हातातली वस्तू सांभाळता येत नाही, असं मी चारचौघांत म्हणाले. तू चपला घातल्यास आणि गेलास. मला वाटलं, तासाभराने येशील.

पुढे सव्वा वर्ष मी त्या कॅमेऱ्याचं दुखणं शोधत होते. बिघाड शोधायची माझी पद्धत सगळ्यांना माहीत आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी जोडकडी बदलली, फरक नाही. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून तिरकं उभं राहून फोटो काढले. ज्या ओळीवर फोकस करावा, तिच्या पुष्कळ अलीकडची ओळ ठळक येई. मग आमच्या फोटोग्राफीच्या छंदवर्गातला दंतवैद्य आहे, त्याच्याकडे लेन्स नेली. त्याच्या कॅमेऱ्यावर बाबांची लेन्स अशी काही चालली की तो म्हणाला, हिला काहीही झालेलं नाही, हिला कधी धक्कासुद्धा लागलेला नाही. मी म्हटलं, मग कॅमेरा आपटला असणार. बघ, तेव्हाही तुलाच धरून बसले होते. त्याने माझ्या कॅमेऱ्याची काळी पट्टी नखाने सोलून काढली आणि म्हणाला, “मागच्या पडद्यावर बघून फोकस करा, बाई.” केला. पापणीचा केस न् केस आला. कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावून केला की पुन्हा धूसर. म्हणजे कॅमेरा ठीक, लेन्स ठीक, चूक फक्त मी जिथून बघते तिथे. त्याने विचारलं, खिडकीखालची ती छोटी काच कुणी काढली होती का? मी म्हटलं, छे, कुणीच नाही.

मीच काढली होती. बाबा घरी यायच्या आदल्या संध्याकाळी, तू कॅमेरा परत दिल्यावर चार दिवसांनी. खिडकीत धुळीचा एक कण दिसत होता आणि उद्याचे फोटो बिनडाग यायला हवे होते. चिमट्याने काच काढली, फुंकणीने झटकली, परत बसवली. त्या काचेची एक बाजू खरखरीत असते, एक गुळगुळीत. खरखरीत बाजू खाली, आरशाकडे यावी लागते. मी ती उलटी बसवली. मिलिमीटरभराचा फरक. पण त्यामुळे मला खिडकीतून बाबांचे डोळे स्पष्ट दिसत होते आणि कॅमेरा औषधाचा पेला टिपत होता. एकदा जरी मागचा पडदा बघितला असता तर कळलं असतं. पट्टी कुणी लावली होती? नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण बाबा नेहमी तुला म्हणायचे. ती माझी होती.

इथे थांबून म्हणशील, झालं, चूक झाली, माणूस आहे. तसं नाही. हे मला कळलं त्याला चौदा महिने झाले. त्याच दुपारी घरी येऊन मी काच सुलटी केली, कॅमेरा कपाटात ठेवला आणि गप्प बसले. आई विचारायची, सापडलं का गं काय झालं होतं ते? मी सांगायचे, जुनी वस्तू आहे, कळत नाही. तुझा नंबर कितीदा काढला आणि ठेवून दिला. माझी चूक कळण्याआधी मी नुसती मूर्ख होते. त्यानंतरचे चौदा महिने मी तुला जाणूनबुजून खोटा ठरवत राहिले. पहिल्याची माफी मागता येते. दुसऱ्याची कशी मागायची ते मला अजून कळलेलं नाही, आणि तू दिली नाहीस तरी मी चकार शब्द काढणार नाही.

काल आईला सगळं सांगितलं. ती कपाट आवरत होती, आवरत राहिली. शेवटची घडी ठेवून म्हणाली, “त्याला मी एकदा विचारायला हवं होतं.” मग पलंगावर बसली आणि रडली. त्या दिवशी घरात जे होते, त्यांना मी एकेक करून फोन करते आहे. सात झाले. मावशी म्हणाली, आता कशाला जुनं उकरतेस? मी म्हटलं, पुरलं मीच होतं.

आता शनिवारची गोष्ट. दुरुस्त लेन्स पिशवीत ठेवताना तुझी लेक म्हणाली, “आत्या, मी घाबरून कॉलेजात सांगणारच नव्हते. पण बाबा म्हणाले, पडतात गं वस्तू. माझ्या हातूनही आत्याचा कॅमेरा पडला होता, आणि मी कबूल केलं नाही म्हणून आमचं घर तुटलं. तू जा आणि सांगून टाक.” माझ्या हातातला ठोकळा खाली पडला. पोरीला धीर द्यायला तू माझं पाप अंगावर घेतलंस, आणि तेही इतकं सहज, जणू त्यावर भांडायचंही तू सोडून दिलं होतंस. मी तिला तिथेच सगळं सांगितलं, काच काढून दाखवली, उलटी बसवून तिच्या डोळ्याला कॅमेरा लावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “तू उगाच बाबांना सांभाळून घेतेस, आत्या. त्यांनी पाडला म्हटलं ना, म्हणजे पाडला. माझे बाबा खोटं बोलत नाहीत.” धाकट्या, माझ्यावर तिचा विश्वास बसत नाही. हे पत्र तिला वाचायला दे, आणि तुझ्या तोंडाने तिला सांग की तू कॅमेरा पाडला नव्हतास.

तुझीच,
ताई