वरून दिसणारं अंगण

३ नोव्हेंबर
अखेर सिहोऱ्याजवळच्या या घरी राहायला आले! हे वीज कार्यालयात इंजिनीअर असताना लक्ष्मणराव पाटलांनी दिलेल्या जागेवर ह्यांनी हौसेने घर बांधलं, पण मला इथे कधी आणलं नाही. आता हे गेले, म्हणून मीच आले. मागे कापलेल्या धानाचे पुंजणे, पुढे तलाव. अंगणात ह्यांनी स्वतः बांधलेली कपड्यांची तार, चांगली जाड. तिच्यावर पातळं वाळत घालताना कितीतरी दिवसांनी गुणगुणले.

५ नोव्हेंबर
लेक शुभांगी बंगळूरला उपग्रहांच्या फोटोंवर काम करते. आज तिने अवकाशातून रात्री दिसणारे आपल्याकडचे दिवे पाठवले. जवाहरनगर म्हणजे सांडलेले मोती, महामार्गावर शहापूरची माळ. आमचं गाव मात्र काळंकुट्ट. म्हणाली, मम्मी, अंगणात मोठा दिवा लाव, मी तुला वरून शोधते.
लहानपणी शाळेच्या बोर्डिंगमध्ये सिस्टर आग्नेस कंदील घेऊन एकेका खाटेपाशी थांबायच्या, ते आठवलं. आपल्यावर उजेड पडला की किती निर्धास्त वाटायचं.

७ नोव्हेंबर
दिवा बसवला. शेजारच्या सुशीलाबाई धावत आल्या. "काहून लावता मॅडम? छपरीत लावा, आंगनात नोका लावू. वच्छलाले दिसते."
आठ वर्षांपूर्वी पाटलांनी रानडुकरांसाठी धानाभोवती तार लावून वीज सोडली होती. मजुरीला आलेली वच्छला तिला चिकटून मेली, सकाळी प्रेत तळ्यात टाकलेलं सापडलं. तेव्हापासून गावात कुणी उघड्यावर दिवा लावत नाही. मला हसू आलं.
"हासा मॅडम, हासा. पाटीलबी असाच हासला होता."

९ नोव्हेंबर
फोटोत माझा दिवा दिसला! शुभांगीने भोवती बदाम काढलाय. तळ्याच्या मधोमध आणखी एक दिवा आहे. होडी असेल.

१२ नोव्हेंबर
तळ्यात होडी नाही. नव्या फोटोत तो दिवा काठावर आलाय.
सुशीलाबाईंना दाखवला. त्यांनी फोन पालथा ठेवला आणि सांगू लागल्या. पाटलांनी मागच्या वर्षी अंगणात दिवा लावला, आठवड्यात गेले. गावची वीज गेली होती, तरी हात कोळशासारखा. मग खाली बघत म्हणाल्या, "चौकशीत तुमच्या सायबानंच लिवलं ना, शेतात तार नव्हती म्हनून. थे तार कोठी गेली, कोनाले नाही भेटली."
घरी येऊन अंगणात उभी राहिले. माझी पातळं वाऱ्यावर हलत होती.

१३ नोव्हेंबर
तारेवर जागोजागी काळे डाग. एका ठिकाणी हिरवी काच वितळून बसलीय, बांगडीची.
वच्छलाचा मुलगा अश्वजित पलीकडच्या आळीत राहतो. अजून पुरावा शोधत कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो. तार त्याला दिली तर ह्यांचं नाव— छत्तीस वर्षांचा संसार आमचा. माझ्या तापात रात्रभर पाय चेपणारा माणूस.

१४ नोव्हेंबर
दिवा काढला. मेन स्विचही बंद केला.

१५ नोव्हेंबर
फोटोत माझा दिवा तसाच. दुसरा फाटकात.
शुभांगी विचारते, मम्मी, पाहुणे आलेत का?

१६ नोव्हेंबर, दुपार
अश्वजित दारावरून गेला. तोंडाशी आलेली हाक गिळली.
तार उतरवली. गुंडाळून मांडीवर घेतलीय. तळ्यात टाकते, म्हणजे संपलं. ह्यांना कुणी काही—
फोन. कालच्या रात्रीचा फोटो. आता एकच दिवा आहे. घरात. माझ्या खाटेवर.
सिस्टर आल्या की आम्ही डोळे मिटून पडायचो. मग उजेड पुढे जायचा.
जात नाही.
मेन बंद आहे, दोनदा पाहिलं. तार कशालाच जोडलेली नाही. तरी गुणगुणते— गरम—
वच्छला, देते गं, त्याला देते, आत्ताच, लिहून देते, ह्यांनीच ती— डावा हात सुटत ना