म्हशीला लागलेला सूर

मोशी, पौष महिना

तीर्थस्वरूप रंगरावमामांच्या चरणी, आणि तेच चरण आता सासऱ्यांचेही झाल्यामुळे तिथेच पुन्हा एकदा, चिमाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. मामींच्या गुडघेदुखीला उतार पडला का? (इंदूचं वेगळं विचारत नाही, आलेलं पत्र तुम्ही मोठ्याने वाचता हे ठाऊक आहे.)

"पक्की खोली झाल्याशिवाय पोरीला धाडणार नाही," असं तुम्ही बजावलंत. तर ती खोली जाता जाता कशी राहिली ते ऐका. आमच्या पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात दोर्जे नावाचा लडाखकडचा पहारेकरी आहे. हा गडी एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन सूर काढतो. खाली जात्यासारखी घरघर, अन् तिच्यावर बारीक शिट्टी! त्याच्या गावच्या मठात म्हणे मंत्र असेच म्हणतात. एकट्या माणसाला गळ्यातच जोडीदार मिळाला, तर आणखी काय हवं? मी लगेच त्याचा शागीर्द झालो. (इंदूवाचून मला अजिबात करमत नाही. लिहायला लाज कसली?) घसा आवळायचा, जीभ टाळूला लावायची, ओठांचा चंबू करायचा. शिट्टी काही केल्या येईना. घरघर मात्र अशी आली की घरमालकीण अंबुबाई केरसुणी घेऊनच खोलीत शिरल्या. "म्या म्हनलं रेडाच घुसला घरात! उद्याच्या उद्या खोली मोकळी करा."

हातापाया पडून गोठ्यात रियाज करायची परवानगी मिळवली. तिथली म्हैस रेडकू दगावल्यापासून रुसलेली. पेंढा भरलेलं रेडकू पुढ्यात उभं केलं तरी पान्हा सोडत नव्हती. मी आपला खर्ज लावला, आणि काय सांगू मामा, वर शिट्टीसुद्धा निघाली! म्हशीने कान टवकारले, माझा खांदा चाटला आणि पान्हा सोडला. अंबुबाई चरवी आणायला धावल्या. आता म्हणतात, "ऱ्हावा की जलमभर! बायकूलाबी आना." पडवीलगतची मोठी खोली दिलीय.

अडचण एवढीच की मी गायलो नाही तर म्हैस धार देत नाही. रोज शिफ्टला उशीर होतो, आणि म्हशीपुढे गात होतो हे कारण आमचे फोरमन सोपानराव मानायला तयार नाहीत. इंदूला आणायला यावं तर दूध बंद, आणि दूध बंद तर खोली गेलीच म्हणायची.

तुमचा आज्ञाधारक भाचा आणि जावई,
चिमाजी

ता. क. (हे मोठ्याने वाचू नये.) दोर्जे म्हणतो, असा घसा घराण्यातूनच येतो. लहानपणी आजोळी मला तुमच्या शेजारी झोपवत, ते आठवलं. खाली घरघर, वर शिट्टी. मी जे महिनाभर शिकलो, ते तुम्ही झोपेत करता!

तेव्हा इंदूला तुम्हीच घेऊन या आणि चांगले महिनाभर राहा. तुमचं अंथरूण गोठ्यात घालतो. धारेच्या वेळी तुम्हांला कोणी उठवणार नाही, ही माझी जबाबदारी.