कोलारहून आणलेला शब्द

प्रिय मारुती,

तुला जाऊन दोन वर्षं झाली, आणि आज तुझा थोरला भाऊ पत्र लिहायला बसलाय. कारण तुझ्या त्या शब्दाचं मूळ सापडलं. व्हग!

कोलारच्या सोन्याच्या खाणीतून मलकापूरला परतलास, तेव्हा तो शब्द घेऊन आलास. खडकाच्या पोटात पोकळी असली की तो व्हग. त्यात सुरुंगाची दारू भरली तर खडक कुठं फुटेल याचा नेम नाही. खाणीतल्या गोऱ्या मुकादमानं, तुझ्या कॅप्टननं, शिकवलेलं. पण जन्मभर विहिरी खणणाऱ्या थोरल्याला तू शिकवणार? मी सगळ्या गड्यांसमोर म्हणालो, "वग तमाशात असतोय रं, हिरीत न्हाई!"

त्या दिवशी विहिरीच्या तळाशी खडकावर पहार आपटून तू म्हणालास, "दादा, पोकळ वाजतंय. आदी चिखलानं बुजवू." मी तुझ्या मुस्काटात मारली. तू माझी गचांडी धरलीस, मी तुला खडकावर आदळलं. ओठ फाटला तरी ओरडत होतास, "भरू नगं!" मी दारू भरली. वात पेटवून वर पळालो. नेहमीच्या आडोशाला चार गडी उभे होते, खडक तिकडंच फुटेल म्हणून तू वात उपटायला मागं फिरलास. का रं फिरलास? तुला आम्ही घोंगडीत गोळा करून वर आणलं.

फौजदाराला मी सांगितलं, "दारू त्यानंच भरली. मनानं शब्द काढून लय शानपना करायचा." तुझ्या बायकोनं, पारूनं, ते खाली मान घालून ऐकलं. पाणवठ्यावर बायका अजून तिला व्हगवाली म्हणतात. मध्यंतरी बाजारात एकानं तुझी नक्कल केली, त्याचे दोन दात पाडले मी. पाडायला माझेच हवे होते!

मग मिरजेत एका म्हाताऱ्या पाद्र्याच्या विहिरीचं काम निघालं. तिथं तो शब्द माझ्या तोंडून गेला. त्यानं जाडजूड पुस्तक काढलं. म्हणाला, हा मूळचा इंग्रजीही नाही. विलायतेच्या टोकाला कॉर्नवॉल आहे, तिथल्या जुन्या भाषेत व्हूगा म्हणजे गुहा. ती भाषा घराघरातून नाहीशी झाली, पण खाणीतल्या माणसांनी शब्द सोडला नाही, जातील तिथं नेला. तू मनानं काहीच काढलं नव्हतंस!

पण मला तरी पुस्तक कशाला हवं होतं? पोकळ आवाज त्या दिवशी मलाही ऐकू आला होता, मारुती.

उद्या सकाळी चावडीवर पंचांना बोलावलंय, पारूलाही. दारू मी भरली, वात मी लावली, हे तिच्यासमोर सांगणार. फौजदार नेऊ दे, नाहीतर पारू पायताण काढू दे. मागं सरणार नाही.

तुझा दादा,
ज्ञानू