पट्ट्या नसलेली गिटार

सोमवार, ९ मार्च २०२६. सकाळी पुण्याहून डॉक्टरांचा फोन आला. शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली. दुपारी साक्षीसाठी दोघांना बोलावले आणि लिहायला बसलो.

मी, केशव रामकृष्ण दिवेकर, वय ७४, सेवानिवृत्त अव्वल कारकून, राहणार भोर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बिघाड हृदयात आहे, डोक्यात नाही. कोणाचा दबाव नाही.

१. भोरचे राहते घर माझी सून नीरजा हिला द्यावे. पुढचे वाचून ती माझ्याशी बोलेनाशी झाली, तरी घर तिचेच.

२. पालीची जमीन माझा एकुलता पुतण्या कसतो, ती त्यालाच. त्याच्या वडिलांनी माझ्या मुलाला, शौनकला, चारचौघांत ‘लग्नात वाजवणारा’ म्हटले होते. ते मी विसरलेलो नाही. त्या दिवशी मी गप्प बसलो, तेही नाही.

३. शौनकने इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडले. पुण्यातल्या हॉटेलांत वाजवले, मग मुंबईत स्वतःचा बँड काढला. जाझ आणि आपले राग एकत्र करून ते वाजवत. परदेशात सहा वेळा बोलावणे आले. मी एकच कार्यक्रम ऐकला आणि मध्यंतरात उठून आलो. नोव्हेंबर २०२४ मध्ये काविळीने तो गेला. वय ४१.

४. त्याची गिटार माझी नाही, नीरजाची आहे. म्हणून ती देण्याचा मला अधिकार नाही. दिवसकार्यानंतर नीरजा म्हणाली, “बाबा, तुमच्याकडेच राहू दे. मला बघवत नाही.” पुढच्या जानेवारीत मी गिटारची पेटी उघडली. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. या गिटारला एकही नव्हती. दमटपणाने गळाल्या असे समजून मी ती किकवीच्या सावळाराम सुतारांकडे नेली.

ते म्हणाले, “सायेब, चिरा लाकडानं भरल्यात बगा. पोरानंच काढल्या नसतील न्हवं?”

मी म्हणालो, “तुम्ही बसवा.”

“इचारून घ्या कुनाला तरी.”

“बसवा म्हटलं ना.”

त्यांनी घट्ट बसवल्या. याचा दोष त्यांना कोणी देऊ नये.

५. वर्षश्राद्धाला नीरजा सहज म्हणाली, “मींड घेता यावी, सूर न तुटता घसरत नेता यावा म्हणून त्यानं स्वतः पट्ट्या काढल्या होत्या, बाबा. हात बसायला दोन वर्षं लागली. नंतर तोच त्याचा आवाज झाला.” गिटार आतल्या खोलीत होती. मी नीरजाला आणखी भात वाढला.

६. शौनकच्या शेवटच्या अल्बममधल्या दोन रचना राहिल्या आहेत. बँडमधला विराज त्या याच गिटारवर पुऱ्या करणार. त्यासाठी त्याने वर्षभर बिनपट्ट्यांच्या गिटारवर सराव केला. दोनदा न्यायला येतो म्हणाला, दोनदा मी कारणे सांगितली. आता रविवारी नीरजाला घेऊन येतोय. बुधवारी स्टुडिओ आहे. पट्ट्या काढल्या तर पूर्वीचा आवाज येईल की नाही, मला माहीत नाही. काय करायचे ते तिने ठरवावे. मी हात लावणार नाही.

७. हे कलम सही करण्यापूर्वी वाढवले. साक्षीदार हनुमंत शेटे माझ्याच ऑफिसात होते. वाचून म्हणाले, “केशवराव, हे पाकीट उघडायचं तुमी गेल्यावर. पोर पेटी उघडणार रविवारी. तवा तुमी दवाखान्यात तोंडाला नळी लावून निवांत, असा बेत हाय व्हय?” दुसऱ्या साक्षीदार नूतनबाई म्हणाल्या, “अहो, बीपी वाढंल त्यांचं.” हनुमंत म्हणाले, “वाढू दे की.”

सबब या मृत्युपत्राची एक प्रत नीरजाला आजच पाठवावी.

लिहून देणार : केशव रामकृष्ण दिवेकर
साक्षीदार : १) हनुमंत गेनबा शेटे २) नूतन कंक
ठिकाण : भोर. दिनांक : ९ मार्च २०२६.

माझ्या प्रतीवर नोंद : पोस्ट बंद होण्याआधी पोहोचलो. स्पीड पोस्ट केले, पावती जोडली आहे. येताना अर्धा लिटर दूध आणले. तापवले, आणि ते निवेपर्यंत ओट्याशी उभा राहिलो.