पाटावरची वाकडी सांडशी

प्रिय मामाजी,

आज खंडेनवमी. पाट मांडला आहे आणि बारा वर्षांनी त्यावर पुन्हा लोहाराची सांडशी आहे. वाकडी आहे. जबड्याचा एक कोपरा नीट मिटत नाही. तुम्ही असतात तर दोन बोटांत उचलून म्हणाला असतात, "हे काय बनवलं वं? खेकडा?" पण ती मी बनवली आहे, तुमच्या मॅडम सुनेने, त्रेसष्टाव्या वर्षी. मनगट सुजले आहे, म्हणून हे असले अक्षर. शाळेतल्या सिस्टरांनी पाहिले असते तर छडीच मिळाली असती.

त्या शाळेत ख्रिस्ती मुली दर शुक्रवारी चॅपलमध्ये जाऊन आपली पापे सांगायच्या आणि हलक्या होऊन डबा खायला यायच्या. आम्हा बाकीच्या मुलींना ती सोय नव्हती. आमची पापे आमच्याजवळच राहिली. त्यातले एक तुमचे आहे, म्हणजे तुमच्याशी केलेले. उद्या दसरा आहे आणि उद्याच्या आत मला ते सांगून टाकायचे आहे. थकले मी ते वागवून.

तुमच्या भट्टीवर माझा राग होता, हे तुम्हाला माहीत होते. मी कधी लपवले का? रेल्वेच्या कारखान्यातून तुम्ही निवृत्त झालात, तरी रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या आपल्या परसात रोज सकाळी भाता सुरू. माझ्या ऑफिसच्या साड्यांवर काजळी. फाइलींवर काजळी. मी ओरडले की तुम्ही म्हणायचात, "मॅडम, तुमच्या साहेबाच्या खुर्चीचे पाय बी कोन्या लोहारानंच ठोकले हायेत." मी पदर झटकत ऑफिसला निघायचे.

परसाच्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला एक सांडशी. सगळ्या तुमच्या हातच्या. दुसऱ्याच्या सांडशीने लोखंड धरणे म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून लग्नाला जाणे, असे तुम्ही म्हणायचात. लाईट गेली तरी तुम्ही मागे न पाहता हात घालायचात आणि हवी तीच निघायची. मी एकदा विचारलेही होते, सांडशी बनवायला आधी सांडशीच लागत असेल ना? मग पहिली कशी बनली? तुम्ही केवढे खूश झालात! "लांब सळई घ्यायची. एक टोक तापवायचं, दुसरं हातात. तोडायची सगळ्यात शेवटी." बस, एवढाच माझा धडा. पुढे का नाही शिकवलेत? मी विचारले नाही म्हणून? की सुनेच्या हाती हातोडा शोभत नाही म्हणून?

मग नवे राज्य होऊन आपले शहर राजधानी झाले. अचानक सगळ्या रायपूरला खोल्या कमी पडायला लागल्या. भोपाळहून साहेब लोक येणार, भाडे देणार! तुम्हाला लकवा झाला आणि तुम्ही इस्पितळात होतात, तेव्हा मी भट्टी पाडली. होय, मीच. तुमच्या चिरंजीवांनी नेहमीप्रमाणे "बघ तुला काय वाटते ते" म्हटले आणि पेपर उघडला. कबाडीवाला आला, ऐरण, भाता, सगळ्या सांडश्या ठेल्यावर टाकून घेऊन गेला. एकही ठेवून घेतली नाही. सिलतऱ्याच्या कुठल्यातरी पोलाद कारखान्याच्या भट्टीत त्यांचे पाणी झाले असेल. पुढे तिथे खोली झाली आणि तुमच्या भट्टीच्या जागी एक अवर सचिव झोपू लागले. दोनच वर्षांत त्यांना सरकारी क्वार्टर मिळाले आणि ते गेले. आता त्या खोलीत आपले जुने कूलर राहतात. यासाठी केले मी ते!

तुम्हाला घरी आणले तेव्हा उजवा हात गेला होता आणि डोळ्यांपुढे नुसते धुके. पुढच्या खोलीत तुमची खाट होती. एक दिवस दुपारी तुम्ही विचारलेत, "सूनबाई, माह्या सांडश्या कुठं ठेवल्या वं?"

"माळ्यावर आहेत, मामाजी. तेल लावून ठेवल्यात."

"बारकी आन बरं. हातात घेऊ दे."

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर चहाचे पातेले उतरवायची सांडशी होती. ती घेतली. एवढ्यावर थांबले नाही. तिला गोडेतेल चोळले, चुलीची राख लावली, आणि तुमच्या डाव्या हातात दिली. तुम्ही रिव्हेटवरून अंगठा फिरवलात. दोनदा उघडलीत, मिटलीत. मला अजून तो कटकट आवाज ऐकू येतो.

"कोनं बनवली वं?"

"तुम्हीच की."

तुम्ही रिव्हेटवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवलात. मग म्हणालात, "हव." आणि ती उशाखाली ठेवायला सांगितलीत.

बारा दिवस ती तुमच्या उशाखाली होती. बारा दिवस मी चहाचे पातेले फडक्याने उतरवले. तेराव्या दिवशी तुम्ही गेलात.

मामाजी, ज्याला अंधारात आपल्या सांडश्या ओळखता येत होत्या, त्याला बाजारची पत्र्याची सांडशी कळली नाही? ते होकाराचे "हव" कसले होते? विश्वासाचे, की माझी कीव आली म्हणून? एक शब्द जास्त बोलला असतात तर काय बिघडले असते? मला रागावायचे तरी होतेत! तुमचा राग मी झेलला असता, तशी सवय होती मला. हे "हव" मात्र आजवर झेलता आले नाही.

आणि यावर कळस म्हणजे तुमचे चिरंजीव. दर दसऱ्याला सोने वाटायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगतात, "बाबांनी शेवटपर्यंत आपली सांडशी सोडली नाही." डोळ्यांत पाणी येते त्यांच्या. मी ताटात चिवडा वाढत राहते. ती सांडशी पुढे कुठे गेली, हे त्यांनी एकदाही विचारलेले नाही. घरच्या ओट्यावरची सांडशी त्यांनी आयुष्यात ओळखली असती तर ना! ती अजून त्याच ओट्यावर आहे. मी तिला हात लावत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी सिलतऱ्याच्या रस्त्यावर फुलबाई लोहारणीकडे जायला लागले. ती मजुरांच्या कुदळी, छिन्न्या नीट करून देते. नवरा होता तोवर तो सांडशी धरायचा आणि ती घण मारायची. तो गेल्यावर सांडशीही तिच्याच हातात आली. मला पाहून तिला वाटले, मी अतिक्रमण हटवायला आलेली कोणी बाई आहे. शिकायचे आहे म्हटल्यावर ती हसून हसून खाली बसली.

चिरंजीव म्हणाले, "काहून उगाच हात भाजून घेऊन राहिली तू? ऑनलाइन मिळते ना." मी म्हटले, नवरेही मिळतात म्हणे.

लोखंड कुठले घेतले, सांगू? त्या कूलरांच्या खोलीवर दुसरा मजला चढेल म्हणून खांबांतून सळ्या वर सोडलेल्या होत्या. मजला काही चढला नाही. त्याच दोन कापून आणल्या. लांब सळई, एक टोक भट्टीत, दुसरे हातात. तुमचा धडा.

पहिल्या जोडीला मी एक भाग उजवा आणि एक डावा घडवला, ब्लाउजच्या बाह्या बेततात तसा. एकमेकांवर ठेवले तर बसतच नाहीत! फुलबाई ओरडली, "दूनो एके सरीख, दीदी!" दोन्ही भाग अगदी सारखे घडवायचे, एक उलटा ठेवला की ते आपोआप जुळतात. हे मला कोणी आधी सांगायचे? दुसऱ्या जोडीचा रिव्हेट इतका घट्ट ठोकला की ती उघडेचना. ती पुन्हा तापवून, उघडझाप करत थंड करायची असते, पण मी चिडून हातोडाच घातला आणि ती मोडली. तुम्ही ओळखता माझा स्वभाव. मी घाव मारताना फुलबाईच्या चेहऱ्याकडे बघायचे, बरोबर पडतोय का म्हणून. "लोहा ल देख, मोर मुँह ल झन देख!" ती दटावायची, लोखंडाकडे बघ, माझ्या तोंडाकडे नको. छत्तीस वर्षे ऑफिसात साहेबांचे तोंड बघूनच काम केले. ही सवय कशी जाणार?

तिसरी जोडी काल झाली. फुलबाईने एक छिन्नी लाल केली आणि म्हणाली, "धर." मी माझ्या सांडशीने धरली. तिने घण उचलला. मला वाटले, आता सुटणार आणि माझ्या पायावर पडणार. सात घाव पडले. सुटली नाही. "धर लिस, दीदी!" मी तिथेच विटेवर बसले. आनंदबिनंद काही नाही, मामाजी. फक्त सांडशी उघडून मिटून बघितली.

दुसरी बनवणार नाही. मनगट नको म्हणते आणि आता मला ते पटते. ही खेकड्यासारखी असली तरी तुमच्या जुन्या भिंतीचा जो एक खिळा राहिला आहे, त्यावर टांगीन. दर खंडेनवमीला पाटावर ठेवीन. आणि उद्या, पाहुणे यायच्या आधी, तुमच्या मुलाला ओट्यावरची ती दुसरी सांडशी दाखवून सगळे सांगेन. तो बोलणार नाही माझ्याशी, चार दिवस, कदाचित चार महिने. चालेल. निदान त्याचा राग तरी माझ्या वाट्याला येऊ दे.

आता ही घ्या. डाव्या हातात घ्या. रिव्हेटवरून अंगठा फिरवा, दोनदा उघडून मिटून बघा, आणि पुन्हा विचारा, कोणी बनवली. या वेळी खरे सांगेन.

तुमची मॅडम सून,
नलिनी